किराणा संघ, शाखा नेपरव्हिल

(एकपात्री विनोदी प्रयोग. रंगमंचावर एक खुर्ची, खुर्चीवर घडी घातलेली कापडी पिशवी. कलाकार रिकामी ट्रॉली ढकलत येतो. ट्रॉलीचं एक चाक सारखं डावीकडे ओढतंय. यातलं कुटुंब काल्पनिक आहे, भाव मात्र खरे आहेत.)

मंडळी, ही ट्रॉली. जन्म १९३७ सालचा, मुक्काम ओक्लाहोमा सिटी. सिल्व्हन गोल्डमन नावाच्या दुकानदाराच्या लक्षात आलं, की हातातली टोपली जड झाली की गिऱ्हाईक खरेदी थांबवतं. म्हणजे गरज संपत नाही, मनगट संपतं! त्याने टोपलीला चाकं लावली. तर लोक घेईनात. पुरुषांना वाटलं, आमच्या दंडात काय जोर नाही? बायका म्हणाल्या, बाबागाड्या ढकलण्यात निम्मा जन्म गेला, आता ही आणखी कोण ढकलणार? शेवटी गोल्डमनने पगारी माणसं आणली आणि दुकानात नुसत्या ट्रॉल्या ढकलत हिंडवली. त्यांचं बघून बाकीचेही ढकलायला लागले. आजतागायत ढकलतायत, आणि पगार आता कुणालाच मिळत नाही.

त्यातलाच एक आपला नवरोबा. राहणार नेपरव्हिल, शिकागोच्या पश्चिमेला. दीड लाख वस्तीचं गाव, मध्यातून डुपेज नदी, काठाने देखणा रिव्हरवॉक. पण शनिवारी सकाळी नवरोबा नदीकडे बघतसुद्धा नाही. त्याची गाडी आपोआप रूट ५९ कडे वळते. तिथे कॉस्टको. पुढे जुन्या वॉलमार्टच्या जागेत उभं राहिलेलं मॉल ऑफ इंडिया. ऑग्डन अ‍ॅव्हेन्यूवर पटेल ब्रदर्स. आणि परतताना, ‘काहीतरी राहिलंय’ असं वाटतं म्हणून, एक अमेरिकन दुकान. काय राहिलंय ते मात्र आठवत नाही. आठवेपर्यंत चाळीस डॉलरची खरेदी झालेली असते.

(खिशातून लांबलचक पावती काढतो. ती जमिनीपर्यंत उलगडते.)

नवरोबा कॉस्टकोत दूध आणायला गेला होता. फक्त दूध! दूध ठेवतात दुकानाच्या पार टोकाला. तिथवर जाताना वाटेत टीव्ही, गालिचे, तंबू, कयाक. या गृहस्थाला पोहता येत नाही, पण कयाकपाशी सहा मिनिटं उभा. बायको म्हणते, ‘‘अरे, दूध!’’ हा म्हणतो, ‘‘अगं, वर्षाला ६५ डॉलर मेंबरशिप भरतो आपण. वसूल नको करायला?’’ वसुली म्हणजे काय, तर ४८ मफिन. घरात माणसं तीन, त्यातलं एक आठ वर्षांचं आणि मफिन न खाणारं.

शेवटी दीड डॉलरचा हॉटडॉग आणि सोडा. हा भाव १९८५ पासून तसाच आहे. जगात काय वाट्टेल ते होवो, हॉटडॉग दीड डॉलरला. तो खाताना नवरोबाच्या चेहऱ्यावर जे समाधान असतं ना, जणू त्या दिवशी एवढीच खरेदी झाली! दारातला माणूस पावतीवर मार्करने रेघ मारतो, आणि नवरोबा पहिला नंबर आल्यासारखा बाहेर पडतो. दूध? दूध राहिलं.

(थांबतो. आवाज खाली आणून.)

पण खरा पराक्रम २०२३ चा. २० जुलैला भारत सरकारने बासमती सोडून बाकीच्या पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीवर बंदी घातली. बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर आली आणि अमेरिकेतल्या देशी दुकानांसमोर रांगा लागल्या. सोना मसुरीची फळी दोन दिवसांत साफ. काही दुकानांनी पाटी लावली, घरटी एकच पोतं. नवरोबाने काय करावं? स्वतः एका रांगेत. बायको दुसऱ्या रांगेत. तिसऱ्या रांगेत चिरंजीव, हातात क्रेडिट कार्ड. तिघांनी एकमेकांकडे बघायचं नाही! वीस-वीस पौंडांची तीन पोती तळघरात उतरली. रात्री जेवताना बायकोने वरण-भात वाढला, आणि पहिल्या घासाला तिच्या लक्षात आलं, आपण तर बासमती खातो. आणि बासमतीवर बंदी नव्हतीच.

सप्टेंबर २०२४ मध्ये ती बंदीही उठली. पोती उठली नाहीत.

(खुर्चीवरची कापडी पिशवी उचलतो. झटकतो. खांद्याला लावतो. चाल बदलते. सासूबाई.)

मार्च २०२५. ओहेअर विमानतळावर सासूबाई उतरल्या. पार्ल्याच्या. सहा महिन्यांसाठी. सोबत दोन बॅगा आणि ही पिशवी. मुहूर्त असा, की बर्ड फ्लूमुळे त्याच महिन्यात अमेरिकेत डझनभर अंड्यांचा सरासरी भाव ६ डॉलर २३ सेंटवर गेला होता, आजवरचा सगळ्यात चढा. सासूबाईंनी दुकानात उभ्या उभ्या रुपये केले. पाचशेच्या वर! त्यांनी खोका परत ठेवला, दोन्ही हातांनी, देवघरात ठेवावा तसा. ‘‘जावईबापू, अंडी आपण बघूनच समाधान मानू या.’’

दुसऱ्या दिवशी त्यांनी फ्रिज उघडला. जावयाच्या घरचा फ्रिज उघडणं म्हणजे तसा मर्यादाभंगच, पण त्या विचारून उघडतात. ‘‘उघडू का हो?’’ म्हणेपर्यंत अर्धा फ्रिज ओट्यावर. दह्याचे तीन मोठे डबे, तिन्ही अर्धे. कोथिंबिरीच्या चार जुड्या. एक ताजी, दुसरी सुकलेली, तिसरी काळी आणि चौथी सूपच्या अवस्थेत. सेलमध्ये होत्या ना! पालकाचं खोकं सबंध, फक्त त्यात आता पालक म्हणावा असा पालक नव्हता. अमेरिकेच्या कृषी खात्याचाच अंदाज आहे, की या देशातलं ३० ते ४० टक्के अन्न वाया जातं. सासूबाईंना हा आकडा सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘अगदी इथेच येऊन मोजलंय की काय?’’

(खुर्चीत बसतो, मांडीवर पेपर पसरतो, काल्पनिक कोथिंबीर निवडू लागतो.)

मग सासूबाई बसल्या. मुळं कापली. पिवळी पानं वेगळी. धुतली नाही, आधी धुतली की सडते. पेपरवर तासभर पसरली, कागदात सैल गुंडाळली, डब्यात ठेवली. देठ फेकले नाहीत, वाटणात घातले. ती जुडी बारा दिवस टिकली. नवरोबा रोज डबा उघडून बघायचा, अजून हिरवी आहे का. सातव्या दिवशी त्याने फोटो काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकला.

तारखांवरून तर रणकंदन. दह्यावर छापलंय ‘बेस्ट बाय’ काल. नवरोबाने डबा कचऱ्याकडे नेला. सासूबाईंनी तो वाटेतच अडवला, झाकण काढलं, नाक नेलं, बोट बुडवलं. ‘‘छान आहे. कढीला तर अगदी लागतं तसं.’’ नवरोबा म्हणाला, ‘‘आई, तारीख उलटून गेलीय.’’ आता गंमत बघा. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार अशी तारीख छापणं फक्त तान्ह्या बाळाच्या दुधाच्या पावडरीवर सक्तीचं आहे. बाकी मालावरची ‘बेस्ट बाय’ ही उत्पादकाने आपल्या अंदाजाने टाकलेली, चव कुठवर उत्तम राहील ते सांगणारी. दही त्या रात्री बारा वाजता अंगात वारं आल्यासारखं विष होत नाही. हे नवरोबाने सरकारी पानावर वाचलं तेव्हा पटलं. सासूबाईंनी बोटाने सांगितलं तेव्हा नाही.

आणि मग आली यादी.

(उठतो. प्रेक्षकांच्या जवळ येतो.)

सासूबाई साध्यासुध्या गिऱ्हाईक नाहीत. बिंदुमाधव जोशींनी उभ्या केलेल्या ग्राहक चळवळीतून १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत निघाली, आणि सासूबाई तिच्या जुन्या सभासद. तिथली रीतच अशी, की शेजारपाजारच्या कुटुंबांनी मिळून एक संघ करायचा. (खसखस ऐकल्यासारखा थांबतो.) तो नव्हे हो! किराण्याचा! महिन्याची यादी घरी बसून आधीच भरून द्यायची. माल घाऊक भावाने यायचा, एकाच्या घरी उतरायचा आणि सगळ्यांनी मोजून आपापला न्यायचा. दुकान नाही, फळी नाही, कयाक नाही. डाळ मागितली तर डाळच येते.

पूर्वी अमेरिकेतही वेगळं नव्हतं. गिऱ्हाइकाने काउंटरच्या अलीकडे उभं राहून सांगायचं, माणसाने आतून काढून द्यायचं, थेट आपल्या वाण्यासारखं. १९१६ मध्ये मेम्फिसला क्लॅरेन्स सॉन्डर्सने ‘पिगली विगली’ नावाचं दुकान काढलं आणि गिऱ्हाइकाला फळ्यांमध्ये मोकळं सोडलं. त्या दिवसापासून गिऱ्हाईक बोलायचं थांबलं आणि फळी बोलायला लागली.

सासूबाई फळीशी बोलत नाहीत. त्यांचे नियम तीन. जेवून उठल्यावर बाजार, उपाशीपोटी नाही. आठवड्यातून एकदा, ‘काहीतरी राहिलंय’ला मनाई. आणि आधी स्वयंपाकघर बघायचं, मग यादी. नवरोबा म्हणाला, ‘‘पण आई, मेंबरशिप...’’ ‘‘महिन्यातून एकदा जा हो. देवळातसुद्धा आपण रोज कुठे जातो?’’

पहिल्या शनिवारी स्वारी आल्डीत. मूळची जर्मन कंपनी, पण अमेरिकेतलं मुख्यालय बटेव्हियाला, म्हणजे नेपरव्हिलच्या शेजारीच. तिथे ट्रॉलीला साखळी. २५ सेंटचं नाणं खाचेत घातल्याशिवाय ट्रॉली सुटत नाही, परत लावली की नाणं परत. सासूबाईंना ही व्यवस्था इतकी आवडली, की त्यांनी ट्रॉलीच घेतली नाही. ‘‘पिशवी आहे ना माझी.’’

(पिशवी पुढे धरून, एकेक वस्तू टाकल्याचा अभिनय. पिशवी जड होत जाते. खांदा झुकतो.)

दूध. लोणी. कांदे. सफरचंदं. आणि मनगट दुखायला लागलं! सासूबाई थांबल्या. ‘‘झालं. पुरे.’’ गोल्डमनसाहेब, ऐकताय ना?

फळीवरचे बारीक आकडेही त्यांनीच शोधले. मोठ्या अक्षरात पाकिटाचा भाव, खाली कोपऱ्यात मुंगीच्या अक्षरात एका औंसाचा. मोठं पाकीट स्वस्तच असतं ही नवरोबाची श्रद्धा. सासूबाई चष्मा कपाळावर चढवून वाकल्या. १६ औंसांचा पौंड, पौंडाचे ४५४ ग्रॅम, हे त्यांनी वहीच्या पहिल्या पानावरच लिहून ठेवलेलं. ‘‘जावईबापू, हे छोटंच स्वस्त पडतंय.’’ संगणकशास्त्रात मास्टर्स केलेल्या माणसाने फोनवर भागाकार केला. दोनदा केला. छोटंच स्वस्त होतं.

जूनपर्यंत गल्लीत संघ उभा राहिला. समोरचे तेलुगू, कोपऱ्यावरचे गुजराती, मागचे मराठी. तुरीचं मोठं पोतं एक, वाटे चार. मोजायला नवरोबाचा स्नानगृहातला वजनकाटा. आधी नवरोबा उभा राहणार, मग पोतं घेऊन नवरोबा उभा राहणार, मग वजाबाकी. गल्लीला डाळीबरोबर नवरोबाचंही वजन कळलं. मेथी विकत आणणं बंद झालं, ती मागच्या डेकवर कुंडीत उगवली. गावात भाजीचे वाफे भाड्याने मिळतात हे कळल्यावर सासूबाईंनी पुढच्या वर्षाची चौकशीही करून ठेवली.

तळघरातली पोती? ती त्यांना तिसऱ्याच आठवड्यात सापडली होती. जुना तांदूळ! त्यांनी पोतं उघडलं, पोरकिडे निवडले, ऊन दिलं आणि समोरच्या तेलुगू बाईंकडे वाटीभर नेला. ‘‘दोन वर्षं मुरवलाय.’’ त्या बाईंचे डोळे भरून आले. जुन्या सोना मसुरीची किंमत त्यांना ठाऊक. बदल्यात आवक्काय लोणच्याची बरणी आली. तेव्हापासून नवरोबा सगळ्यांना सांगतो, ‘‘मी २०२३ मध्ये मुद्दामच घेऊन ठेवला होता.’’

ऑगस्टमध्ये भारतातून येणाऱ्या मालावर आयातशुल्क आधी २५ आणि मग ५० टक्के झालं, तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप पुन्हा पेटलं. नवरोबाने गाडीच्या किल्ल्या उचलल्या. सासूबाईंनी वही उघडली. ‘‘डाळ किती आहे? दोन महिन्यांची. हिंग? आहे. बसा.’’ तो बसला.

(दोन खुर्च्या जोडल्यासारखं करून बॅग ठेवतो.)

सप्टेंबर. निघायचा दिवस. नवरोबाने बॅग उचलली आणि कंबर धरली. ‘‘आई, आहे काय यात?’’ बदाम! कॉस्टकोची तीन-तीन पौंडांची अकरा पाकिटं. पंधरा किलो बदाम! नवरोबाला सहा महिन्यांत पहिल्यांदाच संधी मिळाली. कमरेवर हात ठेवून, अगदी आदराने: ‘‘आई, हे यादीत होतं?’’

सासूबाईंनी पर्समधून घडी काढली. पार्ल्याच्या संघातली अकरा कुटुंबं, प्रत्येकापुढे एक पाकीट, प्रत्येकापुढे ‘पैसे आगाऊ जमा’. तारीख फेब्रुवारीची. कॅलिफोर्नियाचा बदाम जहाजाने भारतात जातोच, हा विमानाने चालला होता, एवढंच.

ओहेअरच्या काउंटरवर काटा बोलला. २३ किलोची मर्यादा, वर चारशे ग्रॅम. काउंटरवरची मुलगी हसून म्हणाली, काहीतरी काढावं लागेल. मागे रांग. सासूबाईंनी तिथेच बॅग उघडली. बदामाला हात लावला नाही. जावयाने हौसेने, न सांगता, त्यांच्या वाढदिवसाला घेतलेला स्वेटर वर काढला, नीट घडी घातली आणि त्याच्या हातात दिला.

‘‘हा यादीत नव्हता.’’

(अंधार.)