ओ काका, पुस्तक राहिलं!

पुस्तकं जमवणारा माणूस ओळखायला सोपा; तो कुणालाही पुस्तक देत नाही. पुस्तकं सोडणारा मात्र चटकन ध्यानात येत नाही. बाकावर काहीतरी ठेवून जो मागे न बघता सटकतो, त्याच्याविषयी आपल्याला आधी भलतीच शंका येते.

आमच्या डोंबिवलीचे काका या पंथातले. बँकेतून निवृत्त झाले आणि बुकक्रॉसिंगला लागले. 2001 साली अमेरिकेत रॉन हॉर्नबेकर नावाच्या गृहस्थाने हे सुरू केलं. पुस्तकाला नंबर द्यायचा, आत चिठ्ठी डकवायची आणि अनोळखी माणसासाठी ते कुठेतरी सोडून द्यायचं. ज्याला सापडेल त्याने तो नंबर संकेतस्थळावर टाकून कळवायचं, वाचायचं, पुढे सोडायचं. काका हे सत्यनारायणाच्या कथेसारखं सांगतात. मध्ये उठलेलं त्यांना चालत नाही. 2016 मध्ये अभिनेत्री एमा वॉटसनने लंडनच्या भुयारी रेल्वेत लेखिका माया अँजेलोंच्या पुस्तकाच्या प्रती ठेवल्या, पुढच्याच वर्षी दिल्ली मेट्रोत असा उपक्रम निघाला, इथवर आले की घोटभर पाणी पितात. एमा वॉटसन कोण, हे त्यांना नातीने सांगितलंय.

पण लंडनची गाडी वेगळी, आपली लोकल वेगळी. ‘बेवारस वस्तूला हात लावू नका’ ऐकत वाढलेला प्रवासी रॅकवरचं एकटं पुस्तक बघून अंग चोरतो. आणि हात लावलाच, तर तो प्रामाणिक निघतो! काकांचं खरं वैर या प्रामाणिकपणाशी आहे. ‘ओ काका, पुस्तक राहिलं!’ करत कुणीतरी फलाटभर धापा टाकत येतं, आणि चारचौघांत काकांना त्याचे आभार मानावे लागतात. स्टेशनबाहेरच्या चहावाल्याने तर एक पुस्तक आठवडाभर कागदात गुंडाळून सांभाळलं होतं. ‘तुमचंच असणार म्हटलं!’ एकदा पुस्तकाशेजारी छत्रीही राहिली. काका धावत परत गेले, तर पुस्तक जागेवर होतं.

तरी चिठ्ठीवर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, ‘हे पुस्तक हरवलेलं नाही.’ चिठ्ठीला कडेने लाल शाईची दुहेरी रेघ, बँकेची सवय. ठेवल्यावर समोरच्या बाकावर पेपर उघडून बसायचं आणि पेपरच्या वरून पहारा द्यायचा. ज्याला पुस्तक सोडवत नाही तोच ते सोडायला निघतो, असं माझं मत.

सोडतात तरी काय? नातेवाइकांनी पदरमोड करून छापलेले कवितासंग्रह (‘सप्रेम भेट’चं पान ब्लेडने अलगद कापून), जुनी आयकर मार्गदर्शिका, घरात दोनदा आलेलं एखादं. आवडत्या पुस्तकाचं नाव काढलं की म्हणतात, ‘‘त्याची वेळ आली नाही अजून.’’ काकू एवढंच म्हणतात, ‘‘रद्दीवाला किलोमागे चार पैसे तरी देतो.’’

मध्यंतरी मात्र संकेतस्थळावर एक उत्तर आलं. काकांनी ते मोठ्याने वाचलं, मग काकूंना वाचायला लावलं, मग आम्हाला बोलावलं. कुणा अनोळखी वाचकाने लिहिलं होतं : ‘भाग पहिला आवडला. दुसरा कधी सोडताय? शक्यतो ठाण्याला सोडा, डोंबिवली मला लांब पडते. आणि रविवार नको.’

काका आता माटुंग्याच्या फुटपाथवर दुसरा भाग शोधत फिरतात. दुकानदार भाव पडू देत नाही.