भरतीचं प्रात्यक्षिक

विद्यापीठात 'कृतिशील अध्ययन' आल्याची बातमी उरणच्या मोरा बंदरावर जरा उशिराच पोचली. ओहोटी होती.

तोवर कॉलेजांनी बाजी मारली होती. तुम्ही अनुभवातून, सहभागातून, समस्या सोडवायला लावून शिकवता का, असं कॉलेजांचं मूल्यांकन करणारी नॅक विचारते. उत्तर अर्थातच 'हो', जिओटॅग फोटोसह. फोटोसाठी बाकं गोलात मांडायची असतात. ती जमिनीत ठोकलेली असल्याने मुलंच गोलात बसवतात. फोटो निघाला की सर पुन्हा नोट्स सांगू लागतात. त्यांनाही काय बोलणार? ते तासिका तत्त्वावर आहेत. चर्चा कितीही रंगली तरी मानधन तासाचंच, आणि तेही मिळेल तेव्हा.

पद्धत खोटी नाही हो. २०१४ साली अमेरिकेत २२५ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा नुसतं व्याख्यान ऐकणाऱ्यांची नापास होण्याची शक्यता दीडपट निघाली. आपल्या पवईच्या आयआयटीतही २०१३च्या सुमारास शेकडो मुलांच्या वर्गात 'आधी एकट्याने विचार करा, मग शेजाऱ्याशी बोला, मग सगळ्यांना सांगा' हे करून पाहिलं. बाकी ठिकाणी शेजाऱ्याशी बोललं की अजून बाहेर उभं करतात.

मोऱ्याच्या मुलांचा असा कृतिशील वर्ग मात्र पूर्वीपासून भरतो. बंदरात गाळ साचलेला, त्यामुळे मोठ्या ओहोटीला मुंबईच्या भाऊच्या धक्क्याची लाँच इथे लागत नाही. मग भरतीची वेळ काढायला तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची. एकादशीला भरती सव्वाआठला, ओहोटी तिथून सहा तासांनी. अमावस्या-पुनवेला भरती दुपारी बाराच्या आसपास, म्हणजे ओहोटी बरोबर संध्याकाळी, कॉलेजातून परतायच्या वेळी! गणित, भूगोल, पंचांग आणि धक्क्यावर ताटकळताना होणारी गटचर्चा, सगळं एकाच तिकिटात. उत्तर चुकलं तर एटीकेटी नाही, रस्त्याने वळसा. जानेवारी २०२४ मध्ये उरणला लोकल आली. तिला तिथी लागत नाही, एवढाच तिचा शैक्षणिक तोटा.

नव्या शैक्षणिक धोरणात क्षेत्र प्रकल्पाला श्रेयांक आहेत. तेव्हा कुलगुरूंना विनंती, की धक्क्यावर अडकलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला दोन श्रेयांक द्यावेत. तेवढं नियमात बसत नसेल, तर तासिकेवरच्या सरांचं थकलेलं मानधन द्यावं. मग फोटोग्राफर न बोलावताही ते वर्गात चर्चा घेतील.