मास्साब नर्मदा ओलांडतात

खातेगावच्या प्राथमिक शाळेत इतिहास असा वेगळा विषय नाही. ‘पर्यावरण’च्या एकाच पुस्तकात झाडं, पाणी, कुटुंब सगळी दाटीवाटीनं नांदतात. आमच्या मास्साबांचं त्यावाचून काही अडत नाही. पाण्याचा धडा निघाला की ते नर्मदेवर येतात, कारण ती इथून जवळ, नेमावरलाच. आणि एकदा काठावर आले की ओलांडल्याशिवाय त्यांना राहवत नाही.

“सन 1728, नवंबर! हमने नर्मदा पार की!”

हम म्हणजे चिमाजी अप्पा, उदाजी पवार, मल्हारराव होळकर आणि मास्साब.

असे मास्तर माळव्यात धार, देवास, इंदूर कुठंही भेटतील. घरात मराठी, भाव करायला आणि रागवायला हिंदी. हजेरीतली नावं चुकतात, पण अमझेऱ्याच्या लढाईची 29 नोव्हेंबर ही तारीख झोपेतही बरोबर. त्या लढाईत मोगलांकडचे गिरधर बहादूर आणि दया बहादूर पडले. त्यासाठी वर्गातली दोन मुलं लागतात, आणि त्याला उमेदवारांची कमी नसते; मेलेल्याला मधल्या सुट्टीपर्यंत पाढे म्हणावे लागत नाहीत.

देवासचा धडा तर पोरांनीच सोपा केला. तुकोजी आणि जिवाजी पवार या भावांनी एकच गाव वाटून घेतलं, थोरली पाती आणि धाकटी पाती, हे समजावायला मास्साबांनी खडूनं फळा मधोमध चिरला. मागून आवाज आला, “ऐसा तो हमारे यहाँ भी हुआ, मास्साब. बीच में दीवार उठी, हैंडपंप चाचा की तरफ गया.” संस्थानं 1948 साली मध्य भारतात विलीन झाली, हे त्या पोराला सांगायचा धीर मास्साबांना झाला नाही. उगाच आशा लागायची.

खरी पंचाईत केली चौथीतल्या एका मुलीनं. “मास्साब, हम तो नदी के इस पार रहते हैं. फिर हमने पार की, या कोई पार करके हमारे यहाँ आया?”

मास्साब थबकले.

“और चौथ किसने दी?”

“तुम्हारे... परदादा के परदादा ने.”

“वापस कब मिली?”

अशा वेळी मास्साबांना एकच आधार, अहिल्याबाई. 1725 साली चौंडीला जन्म, राज्य महेश्वरला. माहेरची तिकडची, नांदायला इकडे. तिच्यावर दोन्ही काठांचा हक्क. काशी विश्वनाथाचं देऊळ बांधून होईतो घंटा वाजते.

चौथ मात्र पोरांनी बरोबर उचलली. सुट्टीत तक्रार आली की पाचवीचा एक दांडगा डबे अडवून वसुली करतोय आणि त्यानं अर्धा पराठा नेला. मास्साब तरातरा गेले. वसुलीबद्दल अवाक्षर नाही, राग हिशेबाचा. चौथ पंचवीस टक्के, वर सरदेशमुखी दहा. पस्तीसच्या वर एक घासही घेता येणार नाही, असा निवाडा देऊन त्यांनी उरलेला तुकडा मोजून परत करवला.