आमची प्रेक्षणीय स्थळं बाहेरगावी गेली आहेत

भंडारा जिल्ह्यात पर्यटनाला वाव नाही, असं म्हणणाऱ्यांनी आमचा जिल्हा नीट पाहिलेला नाही. वाव भरपूर आहे. अडचण एवढीच की आमच्याकडे माणसांच्या आधी स्थळंच फिरायला निघतात. पाहुणा पोचतो तेव्हा दाराला कुलूप असतं.

रेल्वे स्टेशनापासूनच बघा. मुंबई-हावडा मार्गावर 'भंडारा रोड' नावाचं स्टेशन आहे आणि ते वरठीला आहे. पाटी वाचून विश्वासानं उतरलेला माणूस बाहेर येऊन विचारतो, "भंडारा कोठी आहे भाऊ?" ऑटोवाला बिडी विझवत म्हणतो, "बसा ना, नेऊन देतो." 'तुमसर रोड'चंही तसंच, ते देव्हाडीला आहे. नाव एका गावाचं आणि फलाट दुसऱ्या गावाला, हे आमच्या पर्यटनाचं मूळ धोरण. इंग्रजांनी ते रुळांबरोबरच टाकून दिलं, पुढच्या सरकारांना फारशी दुरुस्ती करावी लागली नाही.

१ मे १९९९ ला आमची घरवाटणी झाली आणि गोंदिया जिल्हा वेगळा निघाला. वाटणीत धाकटा भाऊ हुशार निघाला. नवेगावबांध त्यानं घेतला, इटियाडोह घेतला, कचारगड घेतला, नागझिऱ्याचा मोठा हिस्साही घेतला. साकोली तालुक्यातलं पिटेझरीचं गेट आमच्याकडे राहिलं. म्हणजे घर भावाला आणि एक दार आम्हाला. त्या दारातून आम्ही लोकांना आत पाठवतो, आणि आतला वाघ कोणत्या जिल्ह्यात दिसला यावरून संध्याकाळी चहाच्या टपरीवर मतभेद होतात.

वाघांनाही या जिल्ह्याचा गुण लागला. 'शोले'तल्या जयचं नाव मिळालेला तो धिप्पाड वाघ २०१३ साली नागझिऱ्याहून निघाला आणि शेती, नद्या, रस्ते ओलांडत उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात जाऊन राहिला. त्याला बघायला देशभरातून लोक आले, जिप्सींचं बुकिंग मिळेना, नट आले, पुढारी आले. जिल्ह्याला प्रथमच कळलं की पर्यटन म्हणतात ते हे. एप्रिल २०१६ मध्ये जय गळ्यातल्या रेडिओ कॉलरसकट दिसेनासा झाला. वनखात्यानं त्याची खबर देणाऱ्याला पन्नास हजारांचं बक्षीस लावलं. मराठीत आजवर जितकी प्रवासवर्णनं निघाली, त्यातल्या कुठल्याही लेखकाला सरकारनं आगाऊ एवढं मानधन देऊ केल्याचं ऐकिवात नाही. तरी ते प्रवासवर्णन अजून कुणी लिहून दिलेलं नाही.

पवनीची गोष्ट याहून जुनी. तिथल्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून खणलं, तेव्हा इसवी सनापूर्वीचा बौद्ध स्तूप निघाला. याच पवनीत महाक्षत्रप कुमार रूपिअम्म याचा स्मृतिस्तंभ सापडला होता. एवढा मोठा माणूस पवनीत राहून काय करणार? तो नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे तिथल्या संग्रहालयात, राहायला गेला. आता पवनीच्या शाळेतल्या पोरांना आपल्या गावचा स्तंभ बघायचा तर सहलीची बस करून नागपूर गाठावं लागतं, आणि तिथं त्यांचं लक्ष स्तंभापेक्षा पेंढा भरलेल्या जनावरांकडे जास्त असतं. व्हेनिसनं गर्दीला कंटाळून २०२४ मध्ये एका दिवसापुरतं येणाऱ्या पर्यटकांवर ठरावीक दिवशी पाच युरोंचा प्रवेशकर लावला. जगभर त्याची बातमी झाली. वस्तूच दुसऱ्या गावी पाठवली की गर्दीचा प्रश्न कराविना सुटतो, हे त्यांना कुणी सांगितलं नसावं.

आद्यकवी मुकुंदराजांनी 'विवेकसिंधू' शके १११० मध्ये, म्हणजे ११८८ साली, कुठं बसून लिहिला यावर विद्वानांचं भांडण आहे. मराठवाडा म्हणतो अंबेजोगाईला, आम्ही म्हणतो वैनगंगेकाठच्या आंभोऱ्याला. भांडणात आम्ही हिरिरीनं उतरतो. फक्त आंभोऱ्याचं देऊळ नदीच्या पल्याड आहे आणि पल्याड नागपूर जिल्हा लागतो, ही गोष्ट आम्ही आवाज चढल्यावर विसरतो.

आता स्थळांनीच गाव सोडल्यावर माणसांनी घरी बसून काय करायचं? तीही निघतात. आमच्या ओळखीचे एक राइस मिलवाले काका नुकतेच स्वित्झर्लंड करून आले. 'करून आले' हा शब्द त्यांचाच. चारधाम करतात तसं. सोबत घरचा चिन्नोर तांदूळ नेला होता, कारण "तिकडचा भात आपल्याले जमत नाही बा." या चिन्नोरला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे काकांना माहीत आहे, त्याचा भाव किती वाढला तेही तोंडपाठ आहे. त्यांनी मोबाइलवर एका तळ्याचे चाळीसेक फोटो दाखवले. पाणी, मागं डोंगर, पुढं काकू. मग फोन खिशात घालत उसासा टाकला, "असा तलाव आपल्या इकडं कोठी आहे पाहाले?"

हा प्रश्न भंडारा जिल्ह्यात बसून विचारायला वेगळीच छाती लागते. सगळा महाराष्ट्र ज्याला तलावांचा जिल्हा म्हणतो तो हा. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजानं उतार, माती, पाणलोट ओळखून एकाखाली एक असे तलाव बांधले. वरचा भरला की सांडव्यातून खालचा भरतो आणि धान पिकतं. त्यासाठी ना कुणी डीपीआर केला, ना सल्लागार नेमला. पूर्व विदर्भात असे हजारो तलाव आहेत. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, गेली, तलाव सरकारचे झाले, आणि 'माजी मालगुजारी' या लांबलचक नावाचं लोकांनी 'मामा तलाव' करून टाकलं. या तलावांकडे पर्यटक फिरकत नाहीत, ही तक्रार खोटी आहे. गाळ येतो, बेशरम येते, अतिक्रमण येतं, आणि ही मंडळी एकदा आली की मुक्कामाला राहतात. ढिवर बांधव तेवढे पहाटे जाळं घेऊन पाण्यात उतरतात, पण त्यांच्यापैकी कुणी पुढं काकूंना उभं करून फोटो काढत नाही, त्यामुळे ते स्थळ ठरत नाही.

आता न्यायानं बोलायचं तर बाहेरून आमच्याकडे न चुकता येणारं एक शहर आहे. नागपूर. ते स्वतः रविवारी येतं, पण पाणी रोज पाठवतं. नाग नदी शहराचं सांडपाणी घेऊन कन्हानला मिळते आणि कन्हान वैनगंगेला. आंभोऱ्याला वैनगंगेवर केबलचा देखणा पूल झालाय, २०२४ मध्ये खुला झाला, वर प्रेक्षक गॅलरीसुद्धा आहे. तिथं उभं राहून "का व्ह्यू आहे बे!" म्हणणारा नागपूरकर ज्या पाण्याकडे बघत असतो, त्यात त्याच्या मोरीचाही थोडा वाटा असतो. निसर्गाशी एवढं घरगुती नातं कुठल्या हिल स्टेशनवर मिळतं?

हे पाणी पुढं गोसेखुर्दच्या जलाशयात साठतं. या धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते झाली. मूळ अंदाज ३७२ कोटींचा होता, तो केव्हाच १८ हजार कोटींच्या पलीकडे गेलाय. आमच्या जिल्ह्यातून सर्वांत लांबचा प्रवास कुणी केला असं मला कुणी विचारलं तर मी जयचं नाव घेणार नाही, या आकड्याचं घेईन. अडवलेल्या पाण्याचा मोठा वाटा कालव्यांनी चंद्रपूरकडे जायचा. जमीन आमची बुडाली. परंपरेला धरूनच झालं म्हणायचं.

आणि मग गावंच्या गावं निघाली. टूर कंपनीच्या पॅकेजमध्ये सकाळचा नाश्ता, रात्रीचं जेवण आणि मराठी बोलणारा टूर मॅनेजर धरलेला असतो. गोसेखुर्दच्या लोकांनाही सरकारनं पॅकेजच दिलं, शब्द तोच. त्यात काय धरलं आणि काय सुटलं यावर इतक्या वर्षांनंतरही मोर्चे निघतात, धरणावर आंदोलनं होतात. पुनर्वसन गावठाणात नळ आला तर पाणी नाही, पाणी आलं तर शेत नाही, आणि जुन्या गावचा मारोती पाण्याखाली. या प्रवासाचे फोटो कुणी फेसबुकवर टाकले नाहीत.

आता त्याच पाण्यावर जलपर्यटन येतंय. बोटी, जेट्टी, पाण्यावरचे खेळ, सगळं कागदावर चकचकीत दिसतं. माझा विरोध नाही. पोरांना काम मिळालं, ढिवरांच्या हातात सुकाणू आलं, बाहेरच्या ठेकेदाराऐवजी प्रकल्पग्रस्ताच्या टपरीवर चहा विकला गेला, तर या जिल्ह्यात प्रथमच एखादी गोष्ट जागेवर राहील. पण गाइड काय सांगणार आहे, याची मला उत्सुकता आहे. डावीकडे सूर्यास्त, उजवीकडे स्थलांतरित पक्षी, इथवर ठीक. खाली काय आहे, तेही सांगेल का?

सांगायला लाजत असेल तर सोपा उपाय आहे. पर्यटन विभागाला एकच विनंती: बोटीच्या तिकिटाच्या पाठीमागे अटी आणि शर्तींऐवजी पाण्याखाली गेलेल्या गावांची नावं छापा. जागा कमी पडली तर तिकीट मोठं करा, दर वाढवा, आम्ही देऊ.