तुमचा विषय कितव्या मैलापासून?

कोकणी माणसाला प्रश्न विचारता येत नाहीत असं ज्याला वाटतं, त्याने एकदा राजापूरहून आमच्या नाटे गावाकडे येणाऱ्या एसटीत बसून बघावं. अर्धी वाट सरायच्या आत शेजारचा प्रवासी तुमचा गाव, वाडी, भावकी, मुंबईतली खोली मालकीची की भाड्याची, मुलगा नोकरीत कायम झाला का आणि नसेल तर का नाही, एवढा पंचनामा पुरा करतो. तुम्ही गाडीतून उतरून पिशवी खाली ठेवताय तोवर मागून शेवटचा प्रश्न येतो, 'मग परत कधी जाणार?'

हाच माणूस निवडणुकीत उमेदवार दारात आला की हात जोडून उभा राहतो. उमेदवार विचारतो, 'काय म्हणता?' हा म्हणतो, 'आपली कृपा.' मत मागायला कोण कुणाच्या दारात आलंय, ते तिसऱ्याला कळू नये अशी परिस्थिती असते.

माझ्या मते ह्याला आमचं गाऱ्हाणं कारणीभूत आहे. देवळात मानकरी देवापुढे उभा राहून गाऱ्हाणं घालतो. लेकराबाळांना सांभाळ, आंब्याला मोहोर धर, होडीला मासळी दे, मुंबईला गेलेल्यांना सुखरूप ठेव. प्रत्येक मागणीला मागून सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. देवाच्या बाबतीत ह्या पद्धतीबद्दल माझी काही तक्रार नाही. पण आम्ही तीच पद्धत उचलून आमदार-खासदारांना लावली आणि तिथे घोटाळा झाला. गाऱ्हाण्याला उत्तर द्यायचं नसतं, ते नुसतं ऐकून घ्यायचं असतं. आमच्या भागात येणाऱ्या पुढाऱ्यांना ही सोय फार आवडते.

तसं म्हटलं तर आमच्या मतदारसंघाला बोलण्याचं वावडं नाही. जुन्या राजापूर लोकसभा मतदारसंघातून बॅरिस्टर नाथ पै १९५७, १९६२ आणि १९६७ असे तीनदा निवडून गेले. त्यांच्यानंतर १९७१पासून १९८९पर्यंत पाच वेळा मधू दंडवते. एकाचं भाषण ऐकायला दिल्लीचं सभागृह थांबायचं, दुसऱ्याने रेल्वेमंत्री झाल्यावर दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी घातली. पुढे मतदारसंघांची फेररचना झाली आणि २००९च्या निवडणुकीपासून राजापूर हे नावच लोकसभेच्या यादीतून गेलं. आम्ही रत्नागिरी-सिंधुदुर्ग झालो. आमच्या जुन्या लोकांना अजून त्या सभा आठवतात. 'काय बोलायचे!' असं म्हणून ते डोळे मिटतात. तुम्ही काय विचारलंत, असं मी एकदा दोघातिघांना विचारलं. सगळ्यांनी डोळे उघडले आणि विषय पावसावर नेला.

अशा गावात वाडीतली पाच-सहा पोरंपोरी एका संध्याकाळी माझ्या ओटीवर आली आणि म्हणाली, 'काका, सगळ्या उमेदवारांना एकत्र बोलवायचं, आणि भाषण नाही. आम्ही विचारणार, त्यांनी उत्तरं द्यायची.' निवडणूक कोणती ते मी सांगत नाही. मला ह्याच गावात राहायचं आहे. कार्यक्रमाला अध्यक्ष म्हणून निष्पक्ष माणूस हवा होता आणि माझं नाव एकमताने निघालं, कारण गावातल्या चारही पक्षांच्या लोकांशी माझं बोलणं बंद होतं.

पोरं अभ्यास करून आली होती. मुंबईत 'अग्नी'सारख्या संस्था निवडणुकीच्या वेळी उमेदवारांना एका मंचावर आणतात, विलायतेत तर हा जुना रिवाज आहे, वगैरे. एकीने अमेरिकेतली गोष्ट सांगितली. १८५८मध्ये लिंकन आणि डग्लस ह्यांनी सिनेटच्या जागेसाठी सात गावांत समोरासमोर वाद घातला. पहिला तासभर बोले, दुसरा दीड तास, मग पहिला पुन्हा अर्धा तास. ओटीच्या कडेला सुपात तांदूळ निवडत बसलेल्या आमच्या शेजारच्या काकूंनी मान वर केली. 'तीन तास? घंटा नव्हती गो तिकडे?' काकू निवृत्त अंगणवाडी सेविका. त्याच क्षणी कार्यक्रमाला वेळाधिकारी मिळाला.

पहिली अडचण जागेची. नाट्यात शंभर माणसांवर छप्पर म्हटलं की डोळ्यांपुढे देवळाचा सभामंडपच येतो. पण आचारसंहितेत स्पष्ट लिहिलंय, मंदिर, मशीद, चर्च किंवा कुठलंही प्रार्थनास्थळ प्रचाराचं व्यासपीठ म्हणून वापरायचं नाही. हा प्रचार नाही, असं म्हणता आलं असतं. पण पाच उमेदवार आणि माईक एका ठिकाणी आल्यावर प्रचार होणार नाही अशी हमी मी देवालासुद्धा दिली नसती. यशवंतगडावर घ्या, असं एकाने सुचवलं. मावळतीचा समुद्र, खाली मुसाकाजीचं बंदर, फोटो छान येतील. पण उमेदवारांच्या गुडघ्यांचा विचार करून तो बेत सोडला. शेवटी आंब्याच्या एका बागायतदाराने पॅकिंगची शेड दिली. हंगाम नव्हता, शेड रिकामी होती. पेट्यांच्या फळ्या आणि पेंढा तेवढा बाजूला सारायचा होता.

मग परवानग्या. सभा, माईक, गाड्या उभ्या करायची जागा, प्रत्येकाचा वेगळा कागद. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत सभाच बंद. एका कार्यालयात मला विचारलं, 'कोणत्या पक्षाचा कार्यक्रम?' म्हटलं, कोणत्याच नाही. 'मग खर्च कोणत्या उमेदवाराच्या नावावर टाकायचा?' हा प्रश्न खरा होता. उमेदवाराला खर्चाची मर्यादा असते, आपल्या राज्यात विधानसभेला ४० लाख आणि लोकसभेला ९५ लाख. आमचा एकूण खर्च चहा, बटाटेवडे आणि माईकचं भाडं. तो पाच उमेदवारांत सारखा वाटला तर प्रत्येकाच्या हिशोबात दीड डझन वडे चढणार होते. शेवटी 'कुणाचाही प्रचार नाही, सर्वांना निमंत्रण' असं लेखी दिल्यावर कागद मिळाला. त्यावर कार्यक्रमाचं स्वरूप म्हणून लिहून आलं, 'सांस्कृतिक'.

उमेदवारांना बोलावणं तुलनेने सोपं गेलं. सगळे हो म्हणाले. निवडणुकीत उमेदवार नाही म्हणतच नाही, आपणच ते समजून घ्यायचं असतं. त्यांच्या माणसांच्या शंका मात्र मोलाच्या होत्या. साहेबांचा सत्कार आधी की नंतर? (सत्कार नाही.) शाल आम्ही आणली तर? (नाही.) प्रश्न आधी पाठवाल ना? (नाही.) मग साहेबांना उत्तरं कशी कळणार? ह्यावर मी गप्प बसलो. एका पक्षाची माणसं आदल्या दिवशी डेकोरेटरकडून लग्नातली लाल मखमली खुर्ची घेऊन आली. सगळ्यांना सारख्याच प्लास्टिकच्या खुर्च्या, असं सांगितल्यावर त्यांनी ती परत नेली नाही. ती शेडमध्ये कोपऱ्यात ठेवली आणि कार्यक्रमभर तिच्यावर गावातला एक कुत्रा बसला होता.

खरा घाम फुटला तो प्रश्नांनी. चहाच्या टपरीवर, रिक्षास्टँडवर आणि बंदरावर आम्ही डबे ठेवले होते. चिठ्ठ्या भरपूर आल्या. 'शेजाऱ्याने बांध सरकवला आहे, उमेदवाराने येऊन मोजावा.' 'वानरांचं काय करणार?' हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा होता. 'चहा मिळणार का?' हाही होता. पण तालमीला पोरं एकेक करून उभी राहिली आणि माझ्या लक्षात आलं, की गाऱ्हाणं रक्तात मुरलंय. एकाने सुरुवात केली, 'आदरणीय साहेब, आमचा भाग निसर्गरम्य असून...' आणि निसर्गातून बाहेर यायला त्याला चार मिनिटं लागली. शेवटी म्हणाला, 'तरी ह्याकडे आपण लक्ष द्यावं ही नम्र विनंती.' सगळी पोरं सवयीने टाळ्या वाजवायला लागली.

काकूंनी घंटा बडवली. 'ह्यात प्रश्न खंय आहे?'

मग त्यांनीच उपाय काढला. कौल लावतात तसं विचारा, म्हणाल्या. देवाला कौल लावताना 'आमच्या घराकडे लक्ष दे' असं कुणी विचारत नाही. पोरीचं लग्न ह्या स्थळाशी करू का नको, ह्या जागेत विहीर खणू का नको, असं विचारावं लागतं. मग उजवं फूल पडलं तर होय, डावं पडलं तर नाही. देवालासुद्धा मोघम विचारलेलं चालत नाही, तर ह्यांना कसं चालेल? नियम ठरला. प्रश्न तीस सेकंदांत. त्याला होय-नाही किंवा तारीख-आकडा ह्यातलं काहीतरी उत्तर देता आलं पाहिजे. उत्तराला दोन मिनिटं. घंटा झाली की माईक बंद.

कार्यक्रमाच्या दिवशी शेड गच्च भरली. साखरीनाट्यातून मच्छीमारांची पोरं आली, आंबोळगडाकडून आली, पलीकडे खाडी ओलांडून जैतापूर-माडबनकडचीही काही आली. उमेदवारांपैकी दोघे स्वतः आले, दोघांनी प्रतिनिधी पाठवले, आणि एक अपक्ष इतका वेळेवर आला की खुर्च्या मांडायला त्याने मदत केली. प्रश्न विचारणाऱ्यांत एक अकरावीतला मुलगा फार तयारीचा होता. त्याने रोजगाराचं विचारल्यावर एका उमेदवाराने प्रेमाने उलट विचारलं, 'बाळा, यादीत नाव आहे ना?' तो म्हणाला, 'सोळावं चालू आहे. सतरा पूर्ण झाली की आगाऊ अर्ज करता येतो, तेव्हा करणार.' उमेदवाराच्या चेहऱ्यावरचं प्रेम थोडं उतरलं. पुढच्या मुलाचं वय चोवीस होतं, पण त्याचं नाव विरारच्या यादीत निघालं. त्यानंतर प्रत्येक प्रश्नाआधी प्रतिनिधी मंडळी विचारणाऱ्याकडे अशी बघत होती, की बाजारात पापलेट घेतानासुद्धा लोक इतकं निरखून बघत नाहीत.

जैतापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पाचा प्रश्न येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. तो आला तेव्हा शेडमध्ये वडे खायचं थांबलं. सहा अणुभट्ट्या, ९,९०० मेगावॉट, हे आकडे आमच्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ झालेत. डिसेंबर २०१०मध्ये फ्रान्सशी करार झाला, त्याच्या थोडं आधी पर्यावरण मंजुरी मिळाली तीही ३५ अटींसकट. १८ एप्रिल २०११ला आंदोलनावर झालेल्या पोलीस गोळीबारात साखरीनाट्याचा एक तरुण गेला. ह्यातली बरीच पोरं तेव्हा अंगणवाडीत काकूंच्या समोर बसलेली होती. ह्या प्रश्नावर आमच्याकडे कुणी विनोद करत नाही, मीही करणार नाही. उत्तराविषयी मात्र सांगितलं पाहिजे. 'प्रकल्प हवा की नको, तुमचं स्वतःचं मत, होय किंवा नाही,' असं एका मुलीने विचारलं. पहिला म्हणाला, जनतेची जी भूमिका तीच माझी. दुसरा म्हणाला, स्थानिकांना विश्वासात घेऊन. प्रतिनिधी म्हणाले, वरिष्ठांशी बोलून सांगतो. फूल ना उजवीकडे पडलं ना डावीकडे. एकट्या अपक्षाने सरळ उत्तर दिलं, आणि ते कोणत्या बाजूचं होतं हे न सांगताच पुढे जातो, कारण अर्ध्या शेडने टाळ्या वाजवल्या आणि उरलेल्या अर्ध्या शेडने त्याच्या धाडसाबद्दल वाजवल्या.

त्या संध्याकाळचा मानकरी प्रश्न मात्र साखरीनाट्याच्या एका पोरीचा. वय एकोणीस, हातात वहीचा फाडलेला कागद. म्हणाली, 'एलईडी लावून मासेमारी करायला २०१७पासून बंदी आहे. मग रात्री आमच्या गच्चीवरून समुद्रात जो उजेड दिसतो तो कसला?'

एक उमेदवार उठले. घसा साफ केला. मच्छीमार बांधव हा आपल्या अर्थव्यवस्थेचा कणा असल्याचं त्यांनी सांगितलं. काकूंचा हात घंटेकडे गेला. तेव्हा ते घाईने म्हणाले, 'हा विषय केंद्राचा आहे.' लगेच शेजारचे प्रतिनिधी म्हणाले, 'नाही नाही, मत्स्यव्यवसाय हा राज्याचा विषय आहे.' दोघेही एकमेकांकडे बोट दाखवून समाधानाने खाली बसले.

पोरगी अजून उभीच होती. म्हणाली, 'किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंत राज्याचा, त्याच्यापुढे केंद्राचा. साहेब, तुमचा विषय कितव्या मैलापासून सुरू होतो?'

एवढा हशा त्या शेडने भर हंगामात, भाव चढलेला असतानाही ऐकला नसेल. पण हशा ओसरल्यावर एक गोष्ट घडली आणि मला ती हशापेक्षा मोठी वाटते. ते उमेदवार पुन्हा उठले आणि म्हणाले, 'मला हे ठाऊक नव्हतं. माहिती घेऊन आठ दिवसांत लेखी देतो.' जाहीर सभेत एखाद्या उमेदवाराला 'ठाऊक नाही' असं म्हणताना मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. त्यांच्या कार्यकर्त्यांनीही ऐकलं नसावं, ते घोषणा द्यायच्या तयारीत होते आणि कोणती द्यावी हे त्यांना सुचेना. लेखी उत्तर खरंच आलं. दीड पानी होतं, त्यातलं एक पान 'सर्वांगीण विकासा'चं होतं, पण उरलेल्या अर्ध्या पानात गस्तीच्या नौकेसाठी कुणाकडे पाठपुरावा करणार ते लिहिलं होतं. पोरीने ते पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलंय, रेशनकार्डाशेजारी.

काही लोक मला म्हणाले, असल्या कार्यक्रमाने एक तरी मत फिरलं का? फिरलं नसेल. आमच्याकडे मतं भावकीत ठरतात, मुंबईच्या मंडळात ठरतात, कधी जेवणावळीत ठरतात, हे मी नाकारत नाही. पण त्या दिवसानंतर पुढच्या ग्रामसभेत हीच पोरं मागच्या बाकावरून उठून 'कोणत्या तारखेपर्यंत?' असं विचारायला लागली आहेत आणि ग्रामपंचायतीच्या बैठकीला आता चहा जास्त लागतो.

तुमच्या गावात असं काही करायचं असेल तर जरूर करा. देऊळ मागू नका, परवानगीचा अर्ज लवकर द्या, मखमली खुर्ची शेडमध्ये शिरू देऊ नका, आणि प्रश्नांची तालीम निदान दोनदा घ्या. घंटा हवी असल्यास आमच्याकडून न्या, भाडं नाही. मात्र तिच्याबरोबर काकूही येतील, आणि त्या अध्यक्षांच्या भाषणालासुद्धा दोनच मिनिटं देतात.