स्मार्ट चाकरमानी

गणपतीला तोंडवलीत येणारा चाकरमानी पूर्वी पिशवीतून फरसाण आणि अंगातून रुबाब आणायचा. हल्लीचा कणकवलीला उतरतो तो हब, सेन्सर आणि रंग बदलणारे बल्ब घेऊन. आईच्या पाया पडताना त्याची एक नजर वर, होल्डर कुठे आहे तिकडे. चहा व्हायच्या आत तो स्टुलावर.

त्याचं ज्ञान खोटं नसतं, फक्त ते अंधेरीच्या फ्लॅटात मिळवलेलं असतं. हे बल्ब झिग्बी नावाच्या बिनतारी पद्धतीवर चालतात, लहर 2.4 गिगाहर्ट्झची. फ्लॅटातल्या चार इंची भिंतीतून ती सहज जाते. इथे घर चिऱ्याचं, भिंती दीड-दीड फुटांच्या, त्यात पावसाळाभर पाणी प्यायलेल्या. बल्बांना हुकूम सोडणाऱ्या पडवीतल्या हबची हाक माजघरापर्यंत कशीबशी पोचते, मागीलदारी पोचतच नाही. झेड-वेव्ह या दुसऱ्या पद्धतीची लहर भारतात 865 मेगाहर्ट्झच्या आसपास असते आणि भिंतीतून जरा बरी जाते, हे तो सगळ्यांना समजावून सांगतो. बल्ब झिग्बीचे घेऊन झाल्यावर.

पण झिग्बीत सोय आहे. विजेवर चालणारा प्रत्येक बल्ब ऐकलेला निरोप पुढच्याला देतो. पडवीचा माजघराला, माजघराचा मागीलदाराला. कारभार वाडीतल्या बातमीसारखाच. म्हणून माजघरातला बल्ब महत्त्वाचा, आणि तो सदैव चालू बटणावर हवा. त्या बटणावर तो चिकटपट्टी लावतो, वर पेनाने लिहितो : ‘बंद करू नये’.

आई ती पट्टी नखाने अलगद सोडवते, खणात ठेवते (पट्टी चांगली आहे, उपयोगाला येईल) आणि बटण बंद करते.

"आये, बटण बंद करू नको म्हणून सांगलंय मा?"

"रिकाम्या खोलयेत लाईट कित्याक व्हयी? बील तुझो बापूस भरतलो?"

"अगो, ती फोनार बंद होता!"

"मगे मी हातान केलंय तर काय झाला?"

या प्रश्नाला जगातल्या कुठल्याच कंपनीकडे उत्तर नाही.

पडवीतला सेन्सर उबदार अंग हललं की दिवा लावतो. मांजराचं अंगही उबदारच असतं. मध्यरात्री पडवी आपोआप उजळते, विझते, पुन्हा उजळते. सकाळी शेजारची काकी चौकशीला येते : "देवचाराक आता लाईट लागता काय रे?" तो मोबाईलवर संवेदनशीलता कमी करतो. मग मांजर गेलं तरी दिवा लागत नाही, आणि काका गेले तरीही लागत नाही.

वीज गेल्यावर काय, हाही विचार त्याने केलेला असतो. 2021च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने किनारा झोडपला तेव्हा गावंच्या गावं कित्येक दिवस अंधारात होती. त्यावरून शहाणा होऊन त्याने हबला बॅटरी लावली. आता वीज गेली की हब जागा असतो आणि आज्ञा पाळायला एकही दिवा नसतो. आई कंदिलाची काच पुसून ठेवते, काही बोलत नाही.

विसर्जन करून तो मुंबईला परततो. रात्री फोनवर तोंडवलीचं घर उघडतो, तर मागीलदार ‘ऑफलाइन’. मग तो आईला फोन करतो : "आये, माजघरातला बटण चालू कर गो." आई उठते, बटण दाबते, दिवा लागतो. मुंबईतून कोकणातला दिवा लावायची याहून खात्रीची पद्धत अजून निघालेली नाही.

या जातीच्या समस्त बंधूंना एकच विनंती. अक्कल बल्बात नको, बटणामागे घाला. बटणाच्या खोक्यात मावणारा रिले मिळतो. मग बटणही चालतं, मोबाईलही चालतो आणि निरोपही तुटत नाही. न्यूट्रलची वायर बटणापर्यंत आली आहे का, तेवढं आधी वायरमनला विचारा. आणि आईच्या हातचं बटण काढून घ्यायला जाऊ नका. घर तिच्याच बोटावर चाललंय.