सूपकरांची थंडी

थंडी पडली की भोपळ्याचं सूप होतं, असा एक भाबडा समज आहे. खरं तर सूप करायचं ठरलं की थंडी पडते, आणि पुण्यामुंबईच्या सोसायट्यांतले सूपकर हे त्याचे चालतेबोलते पुरावे. डिसेंबरात मुंबईचा पारा रात्री १८ अंशांपाशी रेंगाळला की सूपकर दुसऱ्या दिवशी भरदुपारी खिडक्या लावून घेतात आणि कानटोपी शोधतात. पंखा मात्र चालूच असतो, कारण कानटोपीत उकडतं. उलट निफाडला पारा कधीकधी ५ अंशांच्याही खाली उतरतो. तिथला द्राक्षबागायतदार घड जपायला पहाटे बागेत शेकोट्या पेटवतो आणि वर चहा घेतो. सूपावर जायफळ किसत बसायला त्याला सवड नसते. थंडीनेच सूप होत असतं, तर सूपकर निफाडला जन्मले असते.

एरवी या गृहस्थांचं आणि लाल भोपळ्याचं वाकडं. मेथीदाण्यांच्या फोडणीची भाजी दिसली की ते नाक मुरडतात, भरीत बाजूला सारतात, घारग्यांना तळकट म्हणतात. सूपासाठी मात्र तोच भोपळा मंडईतून स्वतः आणतात, तोही अख्खा, कारण नुसती फाक व्हिडिओत शोभत नाही. मग सुरी अर्ध्यात अडकते आणि शेजाऱ्यांचा कोयता येतो. बिया वाळायला गच्चीत जातात, फोडी तेल चोळून ओव्हनमध्ये, कांदा-लसूण वेगळ्या कढईत. पुढे मिक्सर, गाळणी, आणि पुन्हा पातेलं. चार वाट्या सूप होईस्तोवर ओट्यावर बोट टेकवायला जागा उरत नाही. ‘सूप मी केलं’ या वाक्यातला कर्ता ठळक असतो. ‘भांडी घासली’ या वाक्यातला कायम अध्याहृत.

यावर कुणी म्हणेल, ही सगळी परकी थेरं. पण हा भोपळा मुळात अमेरिका खंडातूनच आला. मिरची, बटाटा, टोमॅटोही तिथलेच. परकं म्हणून सूप हाकलायचं, तर टोमॅटोचं सारही दाराबाहेर ठेवावं लागेल. शिवाय हैतीत हेच सूप राष्ट्रीय अभिमानाचा विषय आहे. फ्रेंच मळेवाल्यांच्या राज्यात गुलामांनी ते शिजवायचं आणि मालकांनी खायचं, अशी रीत होती, असं सांगतात. १ जानेवारी १८०४ रोजी देश स्वतंत्र झाला, आणि आजही दर १ जानेवारीला तिथे घरोघरी ‘सूप जूमू’ होतं. २०२१ मध्ये युनेस्कोने त्याला सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. १ जानेवारीलाही हैतीत घाम येईल इतकं ऊन असतं. म्हणजे सूपाला थंडी लागत नाही, निमित्त लागतं.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे: ऊबच हवी, तर कुळथाचं कढण काय वाईट? एका भांड्यात होतं. पण कढण आजाऱ्याला मिळतं आणि ते दुसऱ्याने करून द्यायचं असतं. सूपकरांना तर स्वतः काहीतरी करायचं असतं. पौष्टिकतेचा मुद्दाही ते हटकून काढतात. भोपळ्यातलं बीटा-कॅरोटिन स्निग्ध पदार्थाबरोबर अधिक चांगलं शोषलं जातं, म्हणून वर लोण्याचा गोळा! विधान शास्त्रशुद्ध आहे, पण त्याच न्यायाने तळकट घारगेही निर्दोष सुटतात, हे ते सोयीने विसरतात.

तेव्हा निष्कर्ष सरळ आहे. वर्षभर ओट्याकडे न फिरकलेल्या माणसाला एकदम तिथे जायचा संकोच वाटतो. थंडी हा त्याचा परवाना आहे, आणि परवाना खोटा असला तरी त्यावर निघालेलं सूप खरं असतं. म्हणून सूपकर ‘काय गारठा आहे!’ म्हणाले, की हवामान खात्याचे आकडे काढू नयेत. आपणही जरा कुडकुडावं, आणि वाटी पुढे करण्याआधी भांडी कोण घासणार, ते तेवढं त्यांच्याकडून वदवून घ्यावं.